काचकाकूंचे नाक

काचकाकूंचे खरे नाव पगाराच्या कागदावर होते आणि ते तिथेच राहिले. एकाच रेस्टॉरंटमध्ये बावीस वर्षे त्यांनी वाइनचे ग्लास धुतले, म्हणून त्या काचकाकू. भांडी घासणारे वेगळे होते. ताटे, तवे, झारे सगळे त्यांच्याकडे. काकूंकडे फक्त काच. या फरकाबद्दल त्या इतक्या काटेकोर होत्या, की एखाद्या नव्या माणसाने चुकून त्यांच्या सिंकमध्ये तेलकट चमचा टाकला, तर तो चमचा दोन बोटांत धरून मेलेल्या पालीसारखा त्याच्या हातात परत नेऊन द्यायच्या.

ग्लास धुणे हे काय काम आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ते एकदा करून पाहावे. पातळ काचेला साबण लावायचा नाही. कढत पाण्याने धुवायचा, किटलीच्या वाफेवर पालथा धरायचा आणि दोन फडक्यांनी पुसायचा. एका फडक्याने पोट धरायचे, दुसरे आत फिरवायचे. खालची चकती एका हातात आणि पोट दुसऱ्या हातात धरून पिळले, की मधली दांडी कट्कन मोडते. ही अक्कल काकूंना पहिल्याच महिन्यात सात ग्लास मोडून आली. फडकी त्या स्वतः घरी धुवायच्या, कारण बाहेरच्या पावडरीला वास असतो. कामावर येताना डोक्याला वासाचे तेल लावायच्या नाहीत, अंगाला पावडर नाही. आणि सगळ्यात शेवटी हुंगणे. प्रत्येक ग्लास, डोळे मिटून, नाक काठाच्या आत घालून, एक लांब श्वास. कसलाही वास आला नाही तर ग्लास मांडणीवर. फडक्याचा, पाण्याचा, कालच्या वाइनचा जरासा जरी वास आला तरी परत नळाखाली.

गंमत म्हणजे वाइनचा थेंब त्यांच्या जिभेला कधी लागला नव्हता. व्रतबित काही नव्हते. "प्यायचं आणि धुवायचं, ही दोन कामं एकाच माणसानं करू नयेत," असे त्या म्हणायच्या. पण उष्ट्या ग्लासांच्या तळाशी जे उरते, त्यावरून कुठल्या टेबलावर कुठली बाटली गेली हे त्या बिनचूक सांगायच्या. एकदा एका टेबलावरच्या मंडळींनी मिटक्या मारत अख्खी बाटली संपवली, आणि ते ग्लास हुंगून काकू म्हणाल्या, "याचं बूच कुजलं होतं." बूच शोधून आणले, तर खरेच कुजके. तेव्हापासून मालकीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या, "इतरांकडे ग्लास धुवायचं यंत्र आहे, आमच्याकडे काकूंचं नाक आहे." काकू हे ऐकून न ऐकल्यासारखे करायच्या आणि मग दिवसभर दुप्पट ऐटीत हुंगायच्या.

तर अशा या काकूंना त्या वर्षीच्या थंडीत ताप आला. आठ दिवस अंथरुणात काढले. ताप गेला, खोकला गेला, अंगातली कणकण गेली. जाताना ती मंडळी वासही घेऊन गेली.

पहिल्यांदा हे घरी कळले. काकू गॅसपाशीच उभ्या होत्या आणि पातेल्यात दूध करपत होते. काकूंचे यजमान घड्याळे दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बसलेले ते बाहेरच्या खोलीतून धावत आले.

"अगं, जळतंय! वास येत नाही का तुला?"

काकूंनी पातेल्यात पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले आणि पातेल्यावर वाकून एक लांब श्वास घेतला. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिले आणि सांगितले, येईल परत, नाहीतर नाहीही येणार. असल्या उत्तरासाठी तासभर रांगेत कशाला बसवले, असे काकूंना वाटले.

"कामावर सांगून टाकू का?" त्यांनी नवऱ्याला विचारले.

"सांगून काय करशील? झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी नजर गेली तर मी भिंग लावतो. तुझ्या नाकाला कुठलं भिंग लावायचं? आणि ग्लास तू धुतेस चांगले. बावीस वर्षांचा हात आहे तुझा. हुंगल्यासारखं कर म्हणजे झालं."

काकूंनी तसेच केले. डोळे मिटायचे, नाक आत घालायचे, लांब श्वास घ्यायचा आणि ग्लास मांडणीवर ठेवायचा. आत काही म्हणजे काही नसायचे. भिंत हुंगावी तसे. पहिल्या दिवशी त्यांना चोरी केल्यासारखे वाटले, चौथ्या दिवशी कमी वाटले. महिनाभरात हात आपोआप चालू लागले. तरी या नाकाखेरीज आपल्याकडे दुसरे काय आहे, हा प्रश्न त्या रोज चपला घालताना स्वतःला विचारायच्या आणि उत्तर येण्याआधी कुलूप लावून निघायच्या.

त्यात स्वयंपाकघरातल्या लसणोबांनी डोके उठवले. लसणोबा म्हणजे मुख्य आचारी. तरुणपणी जहाजावर स्वयंपाकी होते आणि स्पेनच्या बंदरांवर उतरून उतरून तिकडचा स्वयंपाक शिकून आले होते. काहीही करायचे म्हटले, की आधी तव्यावर तेल आणि लसूण. पुढे काय करायचे ते मग ठरवायचे. म्हणून ते लसणोबा. त्यांचे आणि काकूंचे पूर्वीपासूनच विळ्याभोपळ्याचे सख्य. लसूण जरा तांबूस झाला, की काकू सिंकपाशी उभ्या राहूनच ओरडायच्या, "करपवा अजून! माझ्या फडक्यांना वास लागतोय!" आणि लसणोबा तिथूनच उत्तर द्यायचे, "फडकी उन्हात घाला, काकू, आणि डोकं सावलीत!"

हल्ली मात्र हा माणूस सारखा काकूंच्या मांडणीपाशी घुटमळायचा. काकू दुपारी जेवून परत येतात, तो मांडणीवरचे दोन-तीन ग्लास ओले.

"पाणी प्यायला तुम्हाला माझेच ग्लास सापडतात का?" काकू विचारायच्या.

"यातलं पाणी गोड लागतं," असे म्हणून लसणोबा सटकायचे.

काकूंनी मनातल्या मनात त्यांना मालकीणबाईंचा हेर ठरवून टाकले.

अशात वाइनताई आली. ही तिशीच्या आतली मुलगी, वाइन निवडण्यासाठी नव्यानेच ठेवलेली. इथल्या स्पॅनिश पदार्थांबरोबर स्पॅनिशच वाइन हवी असे काही नाही, युरोपभरच्या वाइन त्यांच्यासोबत चाखून बघता येतील, ही कल्पना तिचीच. चोवीस पाहुणे, पाच पदार्थ, पाच वाइन, शनिवारी दुपारी वरच्या लांब खोलीत. बाटल्या तिने हट्टाने मागवल्या होत्या आणि मालकीणबाईंनी नाइलाजाने मान डोलावली होती. चोवीस पंचे एकशे वीस ग्लास लागणार होते.

त्या ग्लासांसाठी मालकीणबाईंनी नवे कपाट करून घेतले. सोमवारी सुताराने ते आणून उभे केले. तपकिरी, चकचकीत, आतूनही दोन हात पॉलिश मारलेले. दारे नीट बसत नव्हती म्हणून मंगळवारीही सुतार रंधा मारत बसला. काकूंनी एकशे वीस ग्लास धुऊन पुसून तयार ठेवले होते. त्यांत भुसा उडेल म्हणून त्यांनी ते सगळे कपाटात पालथे घातले आणि दारे लावून घेतली. एरवी त्या ग्लास कधी पालथा घालत नसत. पालथ्या ग्लासात हवा कोंडते आणि खाली असेल तो वास धरते, हे त्यांनीच कितीतरी जणांना शिकवले होते. पण नाक शाबूत असताना जी गोष्ट आपोआप आठवायची, ती नाक गेल्यावर आठवेनाशी झाली होती.

नेमकी त्याच मंगळवारी लसणोबांची अक्कलदाढ ठणकली.

"पन्नाशीत अक्कलदाढ!" काकू म्हणाल्या. "उशिरा का होईना, आली म्हणायची."

लसणोबा दाढ काढून घ्यायला गेले, ते शनिवारी सकाळी गाल सुजवून परत आले आणि तडक शेगडीला भिडले. ग्लासांकडे बघायला त्यांना फुरसत नव्हती. काकूंनी कपाट उघडले, एकेक ग्लास कोरड्या फडक्याने पुसला, डोळे मिटून हुंगला आणि ट्रेमध्ये ठेवला. एकशे वीस वेळा. वाइनताई वरून खाली येऊन बघून गेली. "काकूंनी हुंगलेत ना? मग झालं," असे म्हणून तिने ट्रे उचलायला सांगितले.

सुरुवात शेरी या स्पॅनिश वाइनने झाली. फिक्या सोनेरी रंगाची, कोरडी म्हणजे बिनगोड, सोबत ऑलिव्ह आणि खारे बदाम. पाहुण्यांनी ग्लास गोल फिरवले, नाकाशी नेले आणि एकमेकांकडे पाहिले. कुणी म्हणाले, जरा लाकडी आहे. वाइनताई हसून म्हणाली, शेरी लाकडी पिंपातच मुरते. पटले सगळ्यांना. दुसरी जर्मनीची पांढरी वाइन, सोबत मातीच्या वाडग्यांत तेलात चुरचुरणारी लसणाची कोळंबी. कोळंबीचे वाडगे बघता बघता रिकामे झाले, वाइन मात्र ग्लासांत तशीच राहिली. शेवटी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ म्हणाले, "राग मानू नका, पण खुर्ची चाटल्यासारखं वाटतंय." खोलीत हशा पिकला. वाइनताईने दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. नव्या ग्लासांत ओतली. तीच खुर्ची.

पाचव्या मिनिटाला मालकीणबाई वाइनताईला घेऊन खाली स्वयंपाकघरात आल्या. आवाज चढला नव्हता, म्हणजे राग खरा होता.

"सगळी पेटी खराब निघाली. चारचौघांत नाक कापलं गेलं माझं. तुझ्या शब्दावर मागवलं मी हे सगळं."

"मी सकाळी प्रत्येक वाइनची एक बाटली उघडून चाखली हो," वाइनताई म्हणाली. "उत्तम होत्या. आता उघडल्या त्याही तशाच असणार."

"मग काय पाहुणे खोटं बोलतात? कशात चाखल्यास?"

"माझ्या ग्लासात." तिचा स्वतःचा ग्लास होता, लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळून ती तो पिशवीतून आणायची.

"वरचं आवरतं घे. आणि सोमवारपासून येऊ नकोस."

मुलगी फळीपाशी गेली आणि आपल्या ग्लासाला मफलर गुंडाळू लागली. गुंडाळलेला मफलर पुन्हा पुन्हा सुटत होता.

काकू सिंकपाशी उभ्या होत्या. बाटल्या त्याच, वाइन तीच. सकाळी आणि आता यांत वेगळा होता तो फक्त ग्लास. त्यांनी ट्रेमधला एक कोरा ग्लास उचलला, डोळे मिटले, नाक आत घातले. काही नाही. मग त्यांना कपाटाच्या आतल्या चकचकीत फळ्या दिसल्या, बंद दारे दिसली आणि चार दिवस त्या फळ्यांवर तोंड टेकून बसलेले एकशे वीस ग्लास दिसले. त्या घाबरल्या, अगदी साध्या माणसासारख्या घाबरल्या. गप्प राहिले तर कुणाला कळणार नव्हते. ग्लासांवर संशय घेणार कोण? ते तर काकूंनी हुंगले होते. वाइनताईनेसुद्धा एकदाही ग्लासांकडे बोट दाखवले नव्हते. एवढी बोलणी खाल्ली, नोकरी गेली, तरी तिला ते सुचलेच नाही. आणि नेमके हेच काकूंना सोसेना.

"मालकीणबाई," त्या म्हणाल्या, "बाटल्यांना बोल लावू नका. खोट ग्लासांत आहे. कपाटाचं पॉलिश लागलंय त्यांना."

"ग्लास तुम्ही हुंगलेत ना?"

"हुंगलेत. पण मला वास येत नाही. थंडीतल्या तापापासून येत नाही. चार महिने झाले."

मालकीणबाईंनी काकूंच्या हातातला ग्लास घेतला, हुंगला आणि चेहरा वाकडा केला. मग त्या काकूंकडे बघतच राहिल्या. काकूंना वाटले, ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

"मला नंतर काय म्हणायचं ते म्हणा," काकू म्हणाल्या. "आधी पाण्याचे जाड पेले काढायला सांगा. ते उघड्या फळीवर असतात, त्यांना काही लागलेलं नाही. दर वाइनला मी विसळून देते. आणि पोरी, तू तो मफलर ठेव बाजूला. वर जा."

मालकीणबाईंनी वर जाऊन पाहुण्यांना खरे काय ते सांगितले. नवे कपाट, नवे पॉलिश, चूक आमची. लोक हसले. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, स्पेनमधल्या खेड्यातल्या गुत्त्यात आम्ही अशाच पेल्यांतून प्यायलो होतो. जर्मन वाइन पुन्हा ओतली गेली, आणि या वेळी कोळंबीच परत मागवावी लागली. मग बटाट्याच्या जाडजूड ऑम्लेटबरोबर फ्रान्सची गुलाबी वाइन, सॉसेजबरोबर इटलीची तांबडी आणि शेवटी मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर पोर्तुगालची गडद, गोड वाइन. दर खेपेला चोवीस पेले खाली यायचे, काकू ते कढत पाण्यातून काढायच्या, पुसायच्या आणि वर पाठवायच्या. हुंगले मात्र नाहीत. नाटक संपले होते.

चारच्या सुमारास पाहुणे गेले. वाइनताई तळाला उरलेली तांबडी वाइन आणि चीजचा तुकडा घेऊन खाली आली.

"काकू, एक घोट घ्या. माझ्यासाठी."

बावीस वर्षांचा नेम काकूंनी सिंकपाशी उभ्या उभ्या मोडला. घोट घेतला, तोंड कसेनुसे केले. "आंबट आहे. आणि जीभ धरून ठेवतंय."

"आता चीज खा. आणि परत घ्या."

काकूंनी चीज चावले, दुसरा घोट घेतला. "आता धरत नाही. सोडलं."

"दोन तास मी वर हेच सांगत होते," वाइनताई म्हणाली आणि त्या गोंधळानंतर पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. वाइनताईला म्हणाल्या, "सोमवारी ये. मी घाईनं बोलले." मग काकूंकडे वळल्या. "काकू, मी काय करू सांगा. धुणं तुमचं चोख आहे. पण हुंगणार कोण?"

काकूंनी हातातले फडके घडी करायला घेतले.

"मी," मागून आवाज आला. सुजलेल्या गालामुळे शब्द जाड येत होते, तरी लसणोबाच ते. "चार महिने मीच हुंगतोय. रोज दुपारी, काकू जेवायला बसल्या की. शंभरात तीन-चार निघतात, ते परत धुऊन ठेवतो. या आठवड्यात ही दाढ नडली."

काकूंनी वळून पाहिले. मांडणीवरचे ओले ग्लास एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर आले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही तापातून उठून आलात त्या दिवशी माझा लसूण करपला. काळा ठिक्कर. तुम्ही दोन हातांवर पाठमोऱ्या उभ्या होतात आणि काही बोलला नाहीत. एरवी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मला वाटलं, रागावल्यात. दुसऱ्या दिवशी मुद्दाम करपवला."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "माझ्याच दुकानात मलाच काही कळत नाही," असे म्हणून त्या दाराकडे निघाल्या आणि तिथे थांबून काकूंना म्हणाल्या, "सोमवारी सुतार आला की ते कपाट परत न्यायला सांगा. तुमची जुनी मांडणी लावून घ्या. तुम्हाला हवी तशी."

त्या गेल्या. वाइनताईही बाटल्या घेऊन गेली. काकूंना रडू येत होते आणि रागही येत होता. त्यातला राग आधी बाहेर आला.

"चार महिने! एका शब्दानं बोलला नाहीत? मी इथं जीव मुठीत धरून उभी, आणि तुम्ही माझ्या मागं चोरून हुंगताय?"

"बोलणार होतो," लसणोबा गाल चोळत म्हणाले. "पण तुम्ही इतक्या ऐटीत हुंगत होतात, की मला मोडवेना."

काकूंनी पदराने डोळे पुसले. फडके त्या डोळ्यांना कधी लावत नसत, ते काचेसाठी असे. मग त्यांनी कोपऱ्यातले स्टूल ओढून सिंकजवळ आणले आणि हाताने दाखवले. लसणोबा बसले. काकूंनी पहिला ग्लास कढत पाण्यातून काढला, वाफेवर धरला, पुसला आणि त्यांच्या सुजलेल्या तोंडासमोर नेला.

"हा?"

लसणोबांनी डोळे मिटून हुंगले. "चालेल."

"हा?"

"हाही."

"आणि हा?"

लसणोबांनी नाक आत घातले, बाहेर काढले, परत घातले. "याला अजून कपाट लागलंय."

काकूंनी तो परत नळाखाली धरला.